थोरली उपडी होती तेव्हा

होडीवर कोणीतरी टकटक केलं.

दुपार होती. मी आत होतो, डोळा लागायच्या बेतात. पहिल्यांदा वाटलं, कावळा असेल. कावळे उपड्या होडीच्या पाठीवर बसतात आणि उगाच चोच मारत राहतात. पण कावळा टकटक करून उत्तराची वाट बघत नाही.

"आत कोणी आहे का?" बाईचा आवाज. आमच्याकडचा नव्हे, घाटावरचा.

"आहे," मी म्हणालो.

बाहेर एकदम शांत झालं. होडी माडाच्या ओंडक्यांवर उपडी घातलेली होती, खालून वारा खेळावा म्हणून. त्यामुळे होडीचा काठ आणि वाळू यांच्यात हातभर फट राहायची आणि तिच्यातून मला माणसांची फक्त पावलं दिसायची. आता एक पावलांची जोडी झटकन मागे सरली. काळे बूट, कडेला वाळू चिकटलेली. शेजारी दुसरी पावलं होती ती जयवंताची. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा लहानपणी नांगराखाली सापडून वाकडा झालाय. तो मी कुठेही ओळखीन.

"घाबरू नका मॅडम," जयवंत सांगत होता. "आमचे पुरसोआबा आहेत."

"ते आत काय करतायत?"

जयवंत घुटमळला. "झोपतात."

"होडीखाली?"

"सावली असते," मी आतून म्हणालो.

मग बाहेर निघणं भागच होतं. मी सरपटत निघालो. उन्हात डोळे दिपले. समोर एक चाळिशीच्या बाई उभ्या होत्या, डोक्याला रुमाल, खांद्याला बॅग. बंदर खात्याच्या गोसावी मॅडम. त्या पाहणीला येणार आहेत हे मला ठाऊक होतं. दिवस तेवढा डोक्यातून गेला होता. त्या वर्षी माझे सगळेच दिवस असे जात होते.

मालवणच्या खाली, खारदांड्याला, आमच्या वाडीचं वल्हेकरी मंडळ आहे. मंडळाच्या तीन जुन्या होड्या. आंब्याच्या खोडातून कोरलेल्या, वर फळ्या चढवलेल्या, एका अंगाला उलांडी बांधलेल्या. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात तो लाकडाचा तरंगता ओंडका. नारळी पुनवेला या होड्यांच्या शर्यती होतात. एरवी कोणी मासळीला नेतं, कोणी नुसतीच पोरांना वल्हं शिकवायला. आम्ही त्यांना नावं अशी ठेवली नाहीत. थोरली, मधली आणि धाकटी. पिढ्यानपिढ्या त्या उंडीच्या झाडांखाली, किनाऱ्यावर राहत आल्या. जागा कोणाची, असं कोणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी विचारलं. किनारा सरकारी आहे, कोणी काय ठेवायचं ते ठरवून लेखी परवानगी घ्या, असं निघालं. वरच्या अंगाला एक हॉटेल झालं होतं. त्याला उंडीच्या सावलीत खुर्च्या मांडायच्या होत्या. त्याचाही अर्ज होताच.

मॅडम होड्यांभोवती फिरल्या. वाकून बघितलं. मर्यादवेल वाळूवरून सरकत येऊन थोरलीच्या पाठीवर चढली होती. तिला जांभळी फुलंही आली होती.

"या होड्या शेवटच्या पाण्यात कधी गेल्या?"

जयवंताने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

"कार्तिकात," जयवंत म्हणाला.

"आता फाल्गुन लागला. का नाही गेल्या?"

"दुःख झालं होतं, मॅडम."

"कोणाकडे?"

"होडीकडे."

मॅडम हसल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांना मानतो. "म्हणजे कसं ते नीट सांगा," एवढंच म्हणाल्या.

जयवंताने सांगितलं. आमच्यात प्रत्येक होडीची एक माय असते. वाडीतलीच एखादी बाई. हंगामाच्या सुरुवातीला ती होडीच्या नाकाडाला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावते, नारळ फोडते, मग होडी पाण्यात जाते. ती बाई वारली की होडी उपडी घालायची. तिच्या घरच्याने तिचा कुंकवाचा करंडा दुसऱ्या बाईच्या हातात दिला, की ती नवी माय. तिने कुंकू लावलं, की होडी उलथायची. पहिला हातही त्या घरच्यानेच लावायचा. तोवर बाकी कोणी शिवायचं नाही. आणि थोरली उपडी असेल तर मधली, धाकटीही पाण्यात जात नाहीत.

"थोरलीची माय कोण होती?"

"शालनकाकी," जयवंत म्हणाला. "आबांची मंडळी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता त्या काही बोलतील, लोक बोलतात तसं. त्यांनी रुमाल सोडून पुन्हा बांधला.

"मी तुमच्या बाजूने लिहीन म्हणते," त्या म्हणाल्या. "नियमात तशी सोय आहे. पारंपरिक होड्या चालवणारं मंडळ असेल तर किनाऱ्यावर जागा देता येते. पण चालवणारं हवं. मी आज लिहायचं तर काय लिहू? वेल चढलेल्या तीन होड्या? उद्या कोणी फोटो काढून वर पाठवला तर बेवारस म्हणतील. मी सोमवारी जागा मोजायला येते. एक तरी होडी पाण्यात दाखवा. मग जागा तुमची. नाही तर नाल्यापलीकडे, बाजाराच्या मागे हलवाव्या लागतील. ते माझ्या हातात राहणार नाही."

त्या गेल्या. जयवंत थोडा वेळ उभा राहिला. नाल्यापलीकडे सावली नाही. खोडातून कोरलेलं लाकूड उन्हात तडकतं. आणि तिथून समुद्रापर्यंत थोरली खांद्यावर आणायची म्हणजे अर्धी वाडी लागेल. एक-दोन वर्षं हौसेने आणतील, मग सोडून देतील. हे त्याला ठाऊक होतं, मलाही होतं.

"आबा, चाय घेतलात?" त्याने विचारलं.

"नाय."

"चला मगे."

होडीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मला त्याचा राग आला.

संध्याकाळी मंडळाची माणसं उंडीखाली बसली. मी त्यांच्यातच होतो. हॉटेलवाल्याला शिव्या घालून झाल्या. सरकारला घालून झाल्या. एक म्हणाला, मॅडम बऱ्या वाटल्या. दुसरा म्हणाला, तुका सगळ्याच बऱ्या वाटतत. हसले. मग सगळे वाळूत रेघोट्या ओढू लागले.

"बोला की काय ता," मी म्हणालो.

"तुमी सांगशात तसा, आबा," जयवंत म्हणाला.

"मी नाय सांगलंय तर?"

"तर नाय."

"जागा जायत."

"जायत," तो म्हणाला. कोणी मान वर केली नाही.

भांडले असते तर बरं झालं असतं. मी तयारीनेच गेलो होतो. म्हणणार होतो, बाई माझी गेली आहे, तुमचं काय जातं? पण कोणी तशी वेळच येऊ दिली नाही.

घरी देवळीत करंडा होता. पितळी, झाकणाला चेपलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो सदऱ्याच्या खिशात घातला आणि जयवंताच्या अंगणात गेलो. त्याची बायको नयना चांगली आहे. हसतमुख, चार माणसांत उठून दिसणारी. शालनला ती आवडायची. सगळ्यांनी मनात तिलाच धरलं होतं. मी ओटीवर बसलो. नयनाने चहा दिला. चहाबरोबर खटखटा लाडू दिला. कुंकवाबद्दल तिनेही काही विचारलं नाही, पण दारातून आत गेली नाही, उभीच राहिली. तिची नजर माझ्या खिशाकडे जात होती. खिसा फुगलेला दिसत असणार.

"आंब्याक मोहर बरो इलोसा, न्हय?" ती म्हणाली.

"बरो इलोसा," मी म्हणालो.

मी चहा संपवला, लाडू खिशात घातला, आणि करंडा आणि लाडू दोन्ही घेऊन परत आलो.

आणि परत होडीखाली गेलो.

तिथे काय होतं ते सांगायला हवं. काही नव्हतं. लाकूड होतं. उंडीच्या तेलाचा वास होता. आम्ही होड्यांना तेच तेल चोळतो, तो वास लाकडातून वर्षानुवर्षं जात नाही. फळ्यांच्या सांध्यांतून उन्हाचे बारीक दोरे आत येत. ऊन सरकलं की तेही सरकत, माझ्या हातावरून, छातीवरून. समुद्राचा आवाज बाहेर असतो तसा आत नसतो. बाहेर लाट येते आणि फुटते. आत ती फुटतच नाही. नुसती येत राहते. कोणी शेजारी झोपलं असावं आणि त्याचा श्वास चालावा, तसं. मधूनच बांगड्या किणकिणल्यासारखं वाटे. ते शिंपले असत, लाटेबरोबर वर-खाली घासणारे. मला ते माहीत होतं. तरी मी हात जरा बाजूला घेत असे, जागा करायला.

जाग आणि झोप यांच्या मध्ये एक पट्टा असतो, भरती-ओहोटीच्या मधल्या ओल्या वाळूसारखा. मी त्या महिन्यांत बहुतेक तिथेच होतो. जेवायला घरी जात होतो. मुलगी वास्कोहून फोन करायची, तेव्हा बरा आहे म्हणत होतो. बाकी वेळ मी ओल्या वाळूत.

रविवारी दुपारी फटीतून पावलं दिसली. बायकी, अनवाणी. टाचांना भेगा, भेगांत मीठ. ती पावलं होडीपाशी थांबली, वळली आणि बाई वाळूत बसली. पाठ होडीला टेकली. लाकूड जरासं कुरकुरलं.

"पुरसो, जागो आसंस?"

मी दचकलो. भागीचा आवाज. भागीरथी, आमच्या शेजारची. ती आणि शालन एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आल्या. पुढे दोघींचं वाजलं. सुकट वाळत घालायच्या जागेवरून. शालन म्हणे ही खळ्याकडची बाजू माझी. भागी म्हणे माझी. त्यावरून जी बोलणी बंद झाली ती शालन जाईपर्यंत. शालनला नेलं त्या दिवशी भागी आपल्या दारात उभी होती. पायरी उतरली नाही.

"आसंय," मी म्हणालो.

"माज्याकडे बोलूचा नसला तर बोलू नको. मी सांगतंय ता आयक."

मी कुशीवर वळलो.

"भायर ये आता. पुरे झाला."

"तू कोण सांगणारी?"

"मी कोण?" ती हसली. तिचं हसणं लाकडातून माझ्या पाठीत शिरलं. "तुका वाटता, तुमी दोघा हय येत होतात ता कोणाक म्हायत नाय?"

माझं अंग गरम झालं. या वयात, एकटा, काळोखात, मी लाजलो.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आमचं लग्न झालं तेव्हा घरात अकरा माणसं आणि खोल्या दोन. एका खोलीत आई-वडील, वडील सारखे खोकत. दुसरीत आत्या, तिची मुलं, माझे भाऊ. नव्या नवरा-बायकोने एक वाक्य बोलायचं तरी घरभर ऐकू जायचं. पावसाळ्याआधी होड्या तेल चोळायला उपड्या घालतात. एका दुपारी शालन सुकट राखत बसली होती. ऊन फार होतं म्हणून थोरलीखाली सरकली. मी तिला हाक मारायला गेलो. मग मीही सरकलो. त्यानंतर होडी उपडी असेल त्या दुपारी आम्ही तिथे असायचो. नुसतं बोलायचो, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण बोलायचो खूप. तिच्या माहेरचं तळं कसं होतं, तिला गणित का येत नाही, मला अंधाराची भीती वाटते, हे सगळं मी पहिल्यांदा त्या होडीखाली बोललो. पुढे वेगळं घर बांधलं, खोली झाली, दार झालं. तरी वर्षातून एखाददा ती म्हणायची, चला, थोरली उपडी आहे. गुडघे दुखायला लागले तरी म्हणायची.

"कोणाक म्हायत होता?" मी विचारलं.

"सगळ्यांका."

"फोकां मारू नको."

"तुज्या आवशीन माका हय बसयल्यान होता, राखणीक. 'गो भागी, सुपली घे आणि थय सुकट निवडीत बस. कोण इलो तर कावळ्यांका हाकल. मोठ्यान.' तुका आठवता? मी कावळ्यांका हाकलीत होतंय ता?"

आठवत होतं. नवीन लग्न झालेली ही पोरगी रिकाम्या आभाळाकडे बघून हाड हाड ओरडायची. मी शालनला म्हणालो होतो, शेजारची सून जरा येडी दिसते. शालन तोंडावर पदर धरून हसली होती. मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसली.

"आणि ती वाट," भागी म्हणाली. "रापणीची माणसा सरळ हयसून जायत ना पाण्यार? जाळा घेवन. मगे उंडीच्या मागसून कित्याक जावक लागली? थय वळाण कशाक पडला?"

उंडीच्या मागून एक वाकडी वाट होती. आजही आहे. बाकी किनाऱ्यावर माणूस नाकासमोर चालतो. तेवढ्याच जागी वाट होड्यांना टाळून, झाडाला वळसा घालून जाते. मी जन्मभर त्या वाटेने चाललो. समजत होतो, मुळांमुळे वाकडी आहे.

"तुजो बापूसच आदी गेलो तसो," भागी म्हणाली. "डोक्यार जाळ्याचो भारो. सगळ्यांच्या फुडे. हयपर्यंत इलो आणि एक सबूद न बोलता वळलो. मागची सगळी वळली. मगे ती वाटच झाली. आता पोरा जातत, तेंका म्हायत पण नाय कित्याक."

वडील माझ्याशी धड बोलत नसत. तो माणूस डोक्यावर ओझं घेऊन वळसा घालत होता.

"शालनक म्हायत होता?"

"म्हायत होता तर! मीच सांगलंय. तिना माका शपथ घातल्यान. म्हणाली, ह्यांका सांगू नको. लाजतले, आणि येवचे बंद होतले."

मी हसलो. किती महिन्यांनी, कोण जाणे. होडीखाली हसू घुमतं. दोन माणसं हसल्यासारखं ऐकू येतं.

भागीने नाक ओढलं.

"एवढा होता तर भांडलात कित्याक?" मी विचारलं.

"सुकटीच्या जागेवरसून."

"ता म्हायत आसा."

"तर मगे. ता भांडाण खरा होता. ता येगळा, ह्या येगळा. ती जागा माजी होती, पुरसो. तीच चुकली होती." तिने टाचेने वाळू उकरली. "आता तिका सांगूक पण गावूचा नाय."

लाट आली. फुटली नाही.

"आयक," ती म्हणाली. "तुका वाटता, पोरा होडीक हात लावणत नाय ती रीत म्हणान. रीत आसा, पण बारा दिवस झाले की कोण तरी घरच्याक समजवन सांगताच. हेंनी नाय सांगूक. तू आत आसंस म्हणान. जागा गेली तरी सांगूचे नाय. जयवंत तर नाय म्हणजे नाय. ती गोसावीण चांगली आसा, पण तिका काय म्हायत, होडी उपडी आसा म्हणजे आत कोण आसा? तूच काय ता बघ."

मी खिशातून करंडा काढला. लाडूचा चुरा लागला होता, तो सदऱ्याला पुसला. फटीतून हात बाहेर काढून मी करंडा वाळूवर तिच्या बाजूला ठेवला.

पावलं ताडकन उभी राहिली.

"तुजा डोक्या ठिकाणार आसा? माजो घोव जावन किती वर्सां झाली? मी कुंकू लावचंय? होडयेक?"

"होडयेक काय म्हायत तुजो घोव खय आसा."

"लोक काय म्हणतीत?"

"लोक वळसो घालून जातीत," मी म्हणालो. "तेंका सवय आसा."

"नयनाक दी. ती आस लावन बसलीसा."

"नयना बरी आसा. पण तिना कावळे हाकलूक नाय."

पावलं जागच्या जागी फिरली. एकदा दूर गेली. परत आली. "शालन काय म्हणतली?"

"म्हणतली, आदी सुकटीची जागा सोड, मगे लाव कुंकू."

भागी मोठ्याने हसली, आणि मग ते हसणं हसणं राहिलं नाही. वाळूत गुडघे टेकल्याचा आवाज झाला. एक हात खाली आला, सुरकुतलेला, खारवलेला. त्याने चाचपडत करंडा उचलला.

सोमवारी सकाळी धुकं होतं. समुद्र दिसत नव्हता, फक्त त्याचा काठ दिसत होता. माणसं धुक्यातून एकेक करून आली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. जयवंताने कोयतीने मर्यादवेल तोडली. फुलं बाजूला ठेवली, टाकली नाहीत. मग सगळे थांबले.

भागी आली, डोक्यावर पदर. ताट मात्र नयनाच्या हातात होतं. नयनाचं तोंड जरा उतरलं होतं, पण ताट तिने नीट धरलं होतं. एका म्हाताऱ्याने मुद्दाम घसा खाकरला.

"काय काका, खोकलो झालो?" जयवंत म्हणाला. "होडयेत बसा. समुद्राच्या हवेन बरो होता."

भागीने उपड्या होडीच्या नाकाडाला कुंकू लावलं. कुंकू तिरकं गेलं. तिने ते पुसून पुन्हा लावलं नाही. तसंच राहिलं.

मग मी थोरलीला खांदा दिला. लाकूड गार होतं, दवाने ओलं. मी एकटा काय उचलणार? पण पहिला हात माझा हवा होता. तो लागला आणि मग दोन्ही बाजूंनी हात आले आणि थोरली उठली, क्षणभर कडेवर उभी राहिली, आणि वळून पाठीवर आली. रिकामी, आभाळाकडे तोंड करून.

खाली वाळूवर तिचा आकार होता. फिकट, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. आत माझ्या अंगाने पडलेला खड्डा होता. एका बाजूला होता. दुसरी बाजू सपाट होती.

मी तिथून नजर काढली. उलांडी बांधली. होडी ढकलत पाण्यात नेली. सुकाणूवर मीच बसायचो, गुडघे जाईपर्यंत. त्या दिवशीही कोणी मला विचारलं नाही, जागा सोडून बसले. वल्ही पडली. धुक्यात ना पुढचं दिसत होतं ना मागचं. पाणी तेलासारखं शांत. होडी चालली आहे की आम्ही एका जागी बसलोय आणि धुकंच सरकतंय, ते कळत नव्हतं. मी डोळे मिटले असते तर झोप लागली असती. पण सुकाणूवरच्या माणसाला डोळे मिटता येत नाहीत.

मग ऊन आलं आणि धुकं एकदम फाटलं. मी मागे वळून बघितलं. किनारा लख्ख दिसत होता. उंडीची झाडं, उपड्याच असलेल्या मधली आणि धाकटी, बायकांचा घोळका. आणि गोसावी मॅडम आलेल्या. त्यांनी हात वर करून आम्हाला बघितल्याचं दाखवलं. त्यांच्याबरोबर टेप धरायला एक माणूस होता. जयवंत मुद्दाम त्यांच्यासाठी किनाऱ्यावर राहिला होता.

मोजणी सुरू झाली. टेपवाला वरच्या टोकाला उभा राहिला. मॅडम दुसरं टोक घेऊन होड्यांच्या रांगेने सरळ चालत निघाल्या. थोरलीची जागा मध्येच होती. मॅडम तिच्यापाशी आल्या. एक पाऊल उचललं.

जयवंताने हात आडवा केला. काय बोलला ते इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. मॅडम थांबल्या. त्यांनी खाली वाळूकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाण्याकडे बघितलं, आमच्याकडे.

त्यांनी काही विचारलेलं दिसलं नाही. टेपचं टोक हातात घट्ट धरून त्या वळल्या आणि उंडीच्या मागून, वाकड्या वाटेने, पलीकडे गेल्या. टेप त्यांच्यामागून झाडाला वळसा घालून गेली.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. होड्या अजून तिथेच आहेत. परवानगीच्या कागदावर आमच्या जागेची लांबी आहे त्यापेक्षा थोडी जास्तच पडली आहे. ती कोणी दुरुस्त करून घेतलेली नाही.